घोंगडीला झांज अडते, ढोल अडत नाही

पोरी, त्या दोन आसनी विमानाच्या कॅबिनला आतून काय लावावं म्हणजे आवाज कमी होईल, हे तू मला विचारलंस आणि मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. विसरलो नव्हतो. हे काम मी एकदा चुकवलेलं आहे, म्हणून घाईने काही सांगायचं नव्हतं. आज सवड आहे, ओसरीवर सावली आहे, बस.

माल निवडायच्या आधी आवाज ओळखायला शीक. मला ही ओळख कुठल्या वर्गात झाली नाही, मेंढरांच्या वाड्यावर झाली. रानात मुक्काम असला की आई आम्हा पोरांना घोंगडीत गुंडाळायची. डोक्यावरून घोंगडी ओढली की पावसाची तडतड आणि रातकिड्यांची किरकिर बोथट व्हायची. पण बिरोबाच्या जत्रेत गजी ढोल घुमायला लागला की घोंगडी असो नसो, छातीत धडधडायचंच. झांज घोंगडीला अडायची, ढोल अडायचा नाही. पुढे हँगरमध्ये आयुष्य काढलं, आकडे शिकलो, पण त्या आकड्यांनी सांगितलं ते हेच.

तुझ्या समोरचं विमान घे. चार सिलिंडरचं इंजिन, दोन पात्यांचा प्रोपेलर, मिनिटाला २,४०० फेरे. म्हणजे सेकंदाला ४० फेरे. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला ८०. प्रोपेलरची दोन पाती, तीही सेकंदाला ८० वेळा समोरून जातात. दोघांचा सूर एकच, ८० हर्ट्झ. हा तुझा ढोल. या सुराची लहर हवेत चार मीटरपेक्षा लांब असते. कॅबिनची रुंदी मीटरभर. पंचवीस मिलिमीटरचा फोम त्या लहरीपुढे काहीच नाही, तिला तो असल्याचं कळतही नाही. टेकनामसारख्या विमानात रोटॅक्स इंजिन असतं, ते साडेपाच हजार फेऱ्यांनी फिरतं आणि मध्ये गिअर असल्यामुळे प्रोपेलर सव्वादोन हजारांच्या आसपास. तिथे दोन वेगळे ढोल वाजतात, प्रोपेलरचा ७५ हर्ट्झचा आणि इंजिनाचा १८० च्या पुढचा. आधी हिशेब मांडायचा, मग दुकानात जायचं.

या ढोलावर झांजा असतात. दाराच्या फटीतून शिरणारी वाऱ्याची शीळ, पातळ पत्र्याची थरथर, काचेवर आपटणारा वारा, एक्झॉस्टचा फटफटाट. अस्तराने कमी होतात त्या या झांजा. विमानाच्या मालकाला हे आधी सांग. 'आवाज जाईल' असं म्हणू नकोस. 'किरकिर जाईल, घुमणं राहील, घुमण्याचं औषध वेगळं आहे' असं म्हण. खरं सांगितलं की माणूस एवढा माल मागत नाही.

आता क्रम सांगतो. आधी कंप, मग फटी, मग पत्रा, आणि सगळ्यात शेवटी अस्तर. लोक नेमकं उलटं करतात, कारण अस्तर दुकानात मिळतं आणि बाकीची कामं गुडघ्यावर बसून करावी लागतात.

इंजिन ज्या रबरांवर टेकलेलं असतं ती माउंटची रबरं बघ. उष्णतेने आणि तेलाने ती कडक होतात, बसतात, चिरतात. कडक झालेलं रबर इंजिनाचा सगळा थरकाप जसाच्या तसा सांगाड्यात ढकलतं आणि मग अख्खी कॅबिन ढोलाचं कातडं होते. काउलिंगची कड कुठे सांगाड्याला घासते का बघ, एक्झॉस्टचा पाइप कुठे टेकतो का बघ. प्रोपेलरचं डायनॅमिक बॅलन्सिंग करून घ्यायला सांग. यात विमानाचं वजन वाढतं ते फार तर वॉशरएवढं, आणि ढोलावर घाव बसतो तो इथेच.

मग फटी. ज्या भिंतीत शंभरावा हिस्सा मोकळा आहे, ती भिंत कितीही जाड केली तरी २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवत नाही. आवाज भोकातून येतो, पाण्यासारखा. रात्री हँगरमधले दिवे घालव, तू आत बस, दार लाव, आणि कुणाला तरी बाहेरून दाराच्या कडेने टॉर्च फिरवायला सांग. उजेडाची रेघ दिसली तिथे खडूने खूण कर. मग दिवसा वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लाव आणि ओढ. सहज सुटली तर तिथे रबर दाबलं जात नाही. सील बदलताना फार जाड घेऊ नकोस. दार बंद करायला खांदा लावावा लागला तर बिजागरी आणि कडी दोन्ही वाकतात, आणि मग वरच्या कोपऱ्यात नवी फट पडते.

फायरवॉल हा भाग जरा सावकाश ऐक. इंजिन आणि माणूस यांच्या मधला तो पत्रा. त्यातून केबली, तारा, नळ्या जातात आणि प्रत्येकीभोवती भोक असतं. तिथून आवाज येतो, उष्णता येते, आणि न दिसणारा, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड येतो. ही भोकं बुजवायलाच हवीत, पण आगीत टिकणाऱ्या सीलंटने आणि पोलादी ग्रोमेटने. फायरवॉलकडून अपेक्षा असते ती सुमारे १,१०० अंश सेल्सिअसच्या ज्योतीपुढे पंधरा मिनिटं उभं राहण्याची. वैमानिकाला खाली उतरायला ती पंधरा मिनिटं मिळतात. साधं रबर किंवा घरगुती फोम भरून तू त्यातली एक मिनिटही कमी करायची नाहीस. आणि कॅबिन घट्ट झाली की कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर बसवल्याशिवाय विमान परत देऊ नकोस. हीटरची गरम हवा एक्झॉस्टच्या अंगावरूनच येते. तिथे मफलरला चीर असेल, तर तू मेहनतीने बंद केलेल्या कॅबिनमधून तो वायू बाहेर जायला वाट राहत नाही.

इथवर आलीस की मग पत्र्याला हात लाव. बोटाच्या पेराने ठोकत जा. भरलेल्या माठासारखं 'ठप' वाजलं तर सोडून दे. रिकाम्या डब्यासारखं 'डंग' वाजून घुमत राहिलं तर तिथे डॅम्पिंग हवं. विमानांसाठी मिळणारी डॅम्पिंग शीट म्हणजे चिकट, लवचीक थर आणि त्यावर पातळ ॲल्युमिनियम. पत्रा थरथरायला लागला की मधला थर पिळला जातो आणि थरथरीची ताकद उष्णतेत जिरते. ही शीट अख्ख्या पत्र्यावर लावायची नसते. दोन बरग्यांमधल्या पत्र्याच्या मध्यावर, पाव ते अर्ध्या भागात लावली की बहुतेक काम होतं. कडेला पत्रा रिव्हेटने धरलेलाच असतो, तिथे तो थरथरत नाही, तिथे शीट म्हणजे नुसतं वजन.

मी चुकलो तो इथेच. तेव्हा मी दुसऱ्या गावच्या एका हँगरमध्ये होतो, वय तिशीच्या आतलं. एका दोन आसनी विमानाचा आवाज कमी करायचं काम माझ्याकडे आलं. विमानाचा माल महाग आणि यायला महिने लागायचे. मी काय केलं, मोटारींच्या तळाला लावतात ती डांबरी फेल्ट आणली आणि जमिनीपासून खिडकीपर्यंत सगळीकडे डकवली. ठोकून बघितलं तर देवळाच्या दगडी भिंतीसारखं गप्प. सगळे खूश. मीही खूश. वजन केलं नाही.

पत्रा केवढा असतो ते आता मोज. ०.६ मिलिमीटरचं ॲल्युमिनियम, चौरस मीटरला साधारण १.६ किलो. मी लावलेली फेल्ट चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास. म्हणजे विमानाच्या कातडीवर मी कातडीच्या जवळजवळ दुप्पट वजन चिकटवलं. सात चौरस मीटर धर, एकवीस किलो. सेस्ना १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. रिकामं विमान पाचशेच्या आसपास भरतं. उरले अडीचशे. प्रशिक्षक आणि विद्यार्थी ऐंशी-ऐंशी किलोचे धरले तर १६० गेले. वापरता येणारं पेट्रोल सुमारे ९३ लिटर, त्याचे ६७ किलो गेले. शिल्लक तेवीसच्या आसपास. ती जवळजवळ सगळी माझ्या फेल्टने खाल्ली. दुसऱ्या बाजूने बघ, एकवीस किलो म्हणजे एकोणतीस लिटर पेट्रोल, म्हणजे तासाभराहून जास्त उड्डाण. शांततेसाठी मी वैमानिकाचा एक तास काढून घेतला होता आणि त्याला सांगितलंही नव्हतं.

आपल्याकडे याला अजून एक धार आहे. बारामती समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो. तापलेली हवा विरळ, इंजिनाला दम कमी, पंखांना आधार कमी. अशा दुपारी वीस किलो म्हणजे कागदावरचे वीस किलो राहत नाहीत. विमान धावपट्टी जास्त खातं आणि चढतं हळू.

वजन एवढ्यावर थांबलं नाही. मे महिन्यात ते विमान उन्हात उभं राहिलं. बंद कॅबिन आतून किती तापते ते तुला माहीत आहे, सीटबेल्टची बकलं हातात धरवत नाहीत. डांबर मऊ झालं, ओघळलं आणि पोटाच्या तळाशी जमा झालं. तिथे पाणी निघून जायची भोकं असतात, ती बुजली. पावसाळ्यात पाणी आत साचलं. दिवाळीनंतर तपासणीला तळाची पाटी काढली तेव्हा ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी फुललेली होती, आणि खरवडल्यावर दोन ठिकाणी पत्रा कागदाएवढा उरला होता. कुणाला इजा झाली नाही. पण तो पत्रा बोटाने दाबला गेला, तो स्पर्श मला अजून आठवतो. ही फेल्ट खरवडून काढायला मला नऊ दिवस लागले. तेव्हापासून माझा नियम आहे, विमानात जाणारा प्रत्येक तुकडा आधी काट्यावर. गोंदाचा डबासुद्धा लावण्याआधी आणि नंतर तोलायचा. जो फरक येईल तो विमानात गेला.

आता अस्तर. हलका माल भरपूर आहे, पण हलका म्हणजे चांगला असं नाही. मी प्रत्येक मालाला तीन प्रश्न विचारतो. आवाज पितो का, पाणी पितो का, आणि आग लागली तर काय करतो.

पहिल्यासाठी तोंड पुरतं. फोमचा तुकडा ओठांशी धर आणि फुंकर मार. हवा अडत अडत पलीकडे गेली तर तो आवाज पिणारा. अजिबात गेली नाही तर त्याचे कप्पे बंद आहेत, तो उष्णता अडवेल पण आवाज परतवेल. एसीच्या नळ्यांवर चढवतात तो काळा फोम बंद कप्प्यांचा असतो, लोक तोच आणून लावतात आणि मग म्हणतात फरक पडला नाही. कसा पडेल?

मेलामाइन फोम मला आवडतो. घरात भिंतीवरचे डाग पुसायला तो पांढरा स्पंज मिळतो ना, तोच पदार्थ. घनमीटरला नऊ-दहा किलो. पंचवीस मिलिमीटर जाडीत चौरस मीटरला पाव किलोसुद्धा नाही. सात चौरस मीटरला दीड-पावणेदोन किलो. माझ्या एकवीस किलोंच्या शेजारी ठेवून बघ. आगीत तो वितळून ठिबकत नाही, काळा पडतो आणि विझतो. दोष दोन. नखाने तुटतो, आणि पाणी मात्र मनसोक्त पितो. म्हणून त्याला पातळ कापडाचा किंवा फिल्मचा अंगरखा हवा, आणि जमिनीलगत, दाराच्या उंबऱ्याजवळ तो लावायचा नाही. पॉलिइमाइड फोम याहून हलका आणि आगीला याहून भारी, पण किंमत ऐकून मालक गप्प होतो. परवडत असेल तर फायरवॉलच्या मागे थोडा लाव, बाकी सोड.

ग्लासवूल मोठ्या विमानांमध्ये वर्षानुवर्षं चालत आलंय, इमारतीतलं नव्हे, बारीक धाग्यांचं, घनमीटरला पाच ते दहा किलोंचं. काच जळत नाही. पण ते पिशवीत शिवून ठेवावं लागतं, आणि त्या पिशवीला श्वास घ्यायला बारीक छिद्र लागतं, नाहीतर उंचीवर आतली हवा फुगते आणि पिशवी फाटते.

आणि या पिशवीवरच मला तुला थांबवायचं आहे. २ सप्टेंबर १९९८ ला स्विसएअरचं १११ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालं होतं. कॉकपिटच्या वर, छताच्या आत तारांपाशी ठिणगी पडली. ग्लासवूल जळणारं नव्हतं. त्यावरचं चकचकीत वेष्टण, धातूचा मुलामा दिलेली पॉलिएस्टर फिल्म, ती पेटली आणि आग तिच्यावरून पसरत गेली. विमान कॅनडात नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. २२९ माणसं होती, कुणी वाचलं नाही. त्यानंतर अमेरिकेच्या विमान खात्याने ती फिल्म विमानांतून काढायला लावली आणि अस्तरांसाठी नवे ज्योत-नियम आणले. बाजारात चांदीसारखी चमकणारी अस्तरं बघून तुझे डोळे दिपतील. माल कुठला हे विचारायच्या आधी वेष्टण कुठलं हे विचार. गोंद कुठला, शिवायचा दोरा कुठला, तेही विचार. आग सगळ्यात कमकुवत थर शोधते.

गादीचा साधा स्पंज कॅबिनमध्ये नको. तो भडकतो, काळा धूर करतो, आणि त्या धुरात सायनाइड असतं. दोन श्वासांत माणूस हात-पाय हलवायचं विसरतो. विमानात खिडकी उघडून उडी मारता येत नाही.

तू म्हणालीस, आपल्या भागातलंच काही वापरता येईल का. तुझा विचार मला आवडला. आपल्याकडे उसाचा भुसा डोंगराएवढा पडतो, आणि शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत लुइझियानामध्ये त्याच भुशाचे सेलोटेक्स नावाचे तक्ते बनवून घरांच्या भिंतींना लावत होते. सभागृहासाठी कर, शाळेसाठी कर. विमानासाठी नाही. पेट घेतो, ओल धरतो, किडे येतात. लोकरीचं मात्र वेगळं आहे. आषाढीला तुकोबांची पालखी काटेवाडीत येते, परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. त्या मेंढ्यांच्या अंगावर जे आहे ते आवाजासाठी उत्तम आणि आगीतही शहाणं. लोकरीचा धागा सहज पेटत नाही, ज्योत काढली की जळल्या केसांचा वास देत विझतो, वितळून अंगाला चिकटत नाही. विमानांतले गालिचे आणि आसनांची कापडं लोकरीची करतात ती उगाच नाही. पण लोकर हवेतली ओल खेचते, आपल्या वजनाच्या पाव हिश्श्याहून जास्त ओल पोटात ठेवून ती वरून कोरडी वाटते. तिला कसर लागते. म्हणून ती उघड्यावर, जमिनीवरच्या गालिच्यात ठीक, जिथून काढता येते, झटकता येते, वाळवता येते. पत्र्याच्या मागे बंद जागेत लोकर भरू नकोस. आणि घोंगडी ती घोंगडीच. प्रक्रिया केलेली आणि प्रमाणपत्र असलेली लोकर वेगळी.

पाण्याची परीक्षा घरी होते. तुकडा तोल, रात्रभर पाण्यात ठेव, पिळ, दुसऱ्या दिवशी सावलीत टांग आणि संध्याकाळी पुन्हा तोल. जो कोरडा झाला नाही तो पत्र्याला कोरडा ठेवणार नाही. आपला भाग कमी पावसाचा म्हणून बेफिकीर होऊ नकोस. हिवाळ्यात पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरतं, विमान उंचावर थंड होऊन खाली उतरलं की पुन्हा धरतं. म्हणून अस्तर आणि पत्रा यांच्यात बोटभर मोकळी जागा ठेव. त्या जागेने पाणीही खाली उतरतं आणि फोम पत्र्यापासून सुटा असला की आवाजही जास्त पितो. एका जागेत दोन कामं होतात.

चिकटवण्याबद्दल. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन ॲल्युमिनियमजवळ आणू नकोस, ते सुकताना आम्ल सोडतं आणि पत्रा खातं. न्यूट्रल लिहिलेलं घे. सॉल्व्हंटचा गोंद काचेजवळ उघडू नकोस. विमानाच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या असतात, वाफेनेसुद्धा त्यांत केसासारख्या चिरा पडतात. खिडक्या पातळ आणि जुन्या असतील तर त्या थोड्या जाड करून घेणं कधी कधी सगळ्या अस्तरापेक्षा फायद्याचं ठरतं, कारण डोक्याच्या सगळ्यात जवळ त्याच असतात. जमेल तिथे गोंदच टाळ, वेल्क्रोच्या पट्ट्यांवर अस्तर टांग. शंभर तासांच्या तपासणीला तुलाच ते काढायचं आहे. जे अस्तर काढायला अवघड, त्याच्या मागे कुणी बघत नाही, आणि तडे अंधारातच वाढतात. कंट्रोलच्या केबली, पुल्या, तपासणीच्या खिडक्या, तळाची पाणी निघायची भोकं यांच्या चार बोटं आसपास काहीही लावायचं नाही. सुटलेला फोमचा तुकडा पुलीत गेला तर वैमानिकाच्या हातातली दांडी अडते.

सामानाच्या जागेमागे, शेपटाकडे, एक ग्रॅमही नको. तिथे आवाज नसतो आणि वजनाचा हात लांब असतो. पुढे दोन किलो वाढले तर विमान सहन करतं, शेपटात वाढले तर नाक वर उचलायला लागतं.

सगळं गप्प करायचं नसतं, हेही ध्यानात ठेव. सेस्नाच्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छिद्र असतं. विमानाचा वेग पडून पंख हवा सोडायला आले की त्या छिद्रातून हवा ओढली जाते आणि कॅबिनमध्ये डाव्या बाजूला वर एक पिपाणी वाजते. वीज नाही, तार नाही, नुसती हवा आणि पिपाणी. आपल्याच एका अस्तर लावणाऱ्याने तिचं तोंड झाकलेलं मी पाहिलंय. काम सुंदर होतं, शिलाई सरळ होती. मी ते उभ्या उभ्या फाडलं.

ढोल राहिलाच की, म्हणशील. ढोलाचं औषध भिंतीवर नाही, कानावर आहे. अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला विमानाने जात होते, आवाजाने त्रासले आणि प्रवासातच गणित मांडायला बसले. येणाऱ्या लहरीच्या बरोबर उलटी लहर कानात सोडायची, दोन्ही एकमेकींना खातात. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा तसा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. ही युक्ती उंच सुरांवर फारशी चालत नाही, खालच्या सुरांवर चालते, म्हणजे नेमकी तुझ्या ८० हर्ट्झवर. उंच सूर कानावरची गादी अडवते. वजन पाव ते अर्धा किलो. मालकाकडे थोडेच पैसे असतील तर त्याला अस्तर विकू नकोस, दाराचं सील बदल आणि दोन चांगले हेडसेट घ्यायला सांग.

आणि तू स्वतः कानात प्लग घाल. ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, असा अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा दंडक आहे. ९४ ला एकच तास उरतो, आणि छोट्या विमानाच्या कॅबिनमध्ये नव्वदीच्या पुढे आकडा सहज जातो. आमच्या वेळी इंजिन चालवून बघताना आम्ही कापसाचे बोळे घालायचो, तेही आठवण झाली तर. आज माझ्या उजव्या कानात दिवसरात्र बारीक शीळ वाजते. तुझ्या आजीची पहिली हाक मला ऐकू येत नाही, दुसरी येते. तुझ्या लेकरांची पहिली हाक तुला ऐकू यावी.

कागद विसरू नकोस. ज्या विमानाला प्रमाणपत्र आहे, त्यात मनाने काही लावता येत नाही. मंजूर झालेला माल, मंजूर झालेली पद्धत, इंजिनिअरची सही, आणि नवं वजन व तोल यांची नोंद. डीजीसीएचे नियम तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. स्वतः विमान बांधणाऱ्यालाही यातून सुटका नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपला घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ च्या फेब्रुवारीत ते 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात लोकांनी बघितलं, आणि उड्डाणाची परवानगी हातात यायला २०१९ चा ऑक्टोबर उजाडला. त्या माणसाने कागदासाठी जो धीर धरला, तो मला विमानाइतकाच मोठा वाटतो.

मोठ्या विमानांच्या नियमात अस्तराची एक चाचणी आहे. पट्टी उभी टांगायची, खालून बारा सेकंद ज्योत धरायची. ज्योत काढल्यावर पंधरा सेकंदांत विझली पाहिजे, जळालेली लांबी वीस सेंटीमीटरच्या आत हवी, आणि थेंब पडलाच तर तो पाच सेकंदांपेक्षा जास्त जळता कामा नये. प्रयोगशाळेच्या कागदाची जागा घरची चाचणी घेत नाही, पण प्रमाणपत्र दाखवून दुसराच माल देणारे असतात, आणि त्यांना पकडायला ती पुरते.

म्हणून रविवारी दुकानदारांनी दिलेले सगळे तुकडे घेऊन ये, प्रत्येकाच्या मागे नाव लिहून. वेष्टणासकट आण, आणि त्याच गोंदाने ॲल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवलेला एकेक तुकडाही आण. माझ्याकडे सोनाराचा काटा आहे, चिमटा आहे, तुझ्या फोनमध्ये सेकंद मोजता येतात. गोठ्याच्या मागे जाळू, कडब्याच्या गंजीपासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला उभं राहून. पाण्याच्या दोन बादल्या मी भरून ठेवतो.